स्वप्नांचे बेट

(परदेशात पहिल्यांदा जाणाऱ्या माणसाला तेथील चालीरीती नवलाच्या वाटतात. त्या चालीरीती कशा पाहाव्यात आणि त्यांतून काय घ्यावे, हे या पाठात सांगितले आहे. पाठ वाचा आणि आपल्या गावाशी तुलना करा.)

विद्यार्थी मित्रांनो, जगाचा नकाशा समोर ठेवा. महाराष्ट्रातील सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे शोधा. आता बोट पूर्वेकडे न्या. बंगालचा उपसागर ओलांडा, चीनही मागे टाका. समुद्रात धनुष्यासारखी वाकलेली बेटांची एक रांग दिसेल. तोच जपान देश. मुंबईहून त्याची राजधानी टोकियो सुमारे ६,७०० किलोमीटर दूर आहे. तेथील घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असते. साताऱ्यात सकाळचे नऊ वाजतात, तेव्हा टोकियोत दुपारचे साडेबारा झालेले असतात.

"इतक्या लांब आपल्याकडचे कोण जाणार?" असे तुम्हांला वाटेल. पण आपल्याकडची माणसे तेथे जाऊन आली आहेत. सांगली जिल्ह्यातील शिराळा तालुक्यात पुनवत नावाचे गाव आहे. तेथील हिंदकेसरी गणपतराव आंदळकर १९६४ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये कुस्ती खेळले. आटपाडी तालुक्यातील करगणीचे सचिन खिलारी यांचा एक हात लहानपणी झालेल्या अपघातामुळे अधू झाला. त्यांनी २०२४ च्या मे महिन्यात कोबे शहरात अपंग खेळाडूंच्या जागतिक स्पर्धेत १६.३० मीटर गोळा फेकून सुवर्णपदक जिंकले. आणि सातारा जिल्ह्यातील फलटण तालुक्यात सरडे नावाचे गाव आहे. तेथील एका मजूर कुटुंबातील मुलगा प्रवीण जाधव २०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये तिरंदाज म्हणून उतरला. पहिल्याच फेरीत त्याने एका नामवंत रशियन तिरंदाजाला ६-० असे हरवले.

प्रवीणने ज्या मैदानावर बाण सोडले, त्या जागेचे नाव आहे युमेनोशिमा. या जपानी शब्दाचा अर्थ 'स्वप्नांचे बेट' असा होतो. या बेटाची गोष्ट मोठी नवलाची आहे. ती आपण पाठाच्या शेवटी पाहू. त्याआधी आपणही जपानची एक सफर करू या.

समजा, तुम्ही पहिल्यांदाच टोकियोला उतरला आहात. विमानतळावरून शहरात जायला आगगाडी आहे. फलाटावर कोठे उभे राहायचे, याच्या खुणा जमिनीवर रंगवलेल्या आहेत. लोक त्या खुणांवर रांगेत उभे राहतात. गाडी येते. आधी आतील माणसे उतरतात, मग बाहेरची चढतात. डब्यात गर्दी आहे, पण आवाज नाही. कोणी मोबाईलवर बोलत नाही. बोललाच तर इतक्या हळू, की शेजाऱ्यालाही ऐकू जाऊ नये.

आता आपली कोयना एक्स्प्रेस आठवा. सातारा सोडून गाडी कऱ्हाडला पोहोचेपर्यंत शेजारच्या माणसाचे गाव, त्याची मुले, त्याची शेती, सारे आपल्याला कळलेले असते. तो आपल्या डब्यातील भाकरी आपल्यापुढे करतो. मग चांगले कोण, ते की आपण? मित्रांनो, प्रवाशाने हा प्रश्न घाईने विचारू नये. कोयना एक्स्प्रेसमधील गप्पा हा असभ्यपणा नाही आणि टोकियोच्या गाडीतील शांतता हा तुसडेपणा नाही. आपल्याकडे शेजाऱ्याशी बोलणे ही आपुलकी आहे. त्यांच्याकडे शेजाऱ्याला त्रास न देणे ही आपुलकी आहे. पाहुण्याने ज्या घरी जावे, त्या घरची रीत पाळावी.

याच आगगाड्यांमध्ये एक फार वेगवान गाडी आहे. तिचे नाव शिनकान्सेन. १ ऑक्टोबर १९६४ रोजी ती टोकियो ते ओसाका अशी पहिल्यांदा धावली. म्हणजे आंदळकर ज्या महिन्यात टोकियोच्या आखाड्यात उतरले, त्याच महिन्यात. तेव्हा ५१५ किलोमीटरचे हे अंतर तोडायला तिला चार तास लागत. आता सुमारे अडीच तास लागतात.

कोणाच्या घरी जाण्याची संधी मिळाली तर दारातच थांबा. दाराच्या आत थोडी खोलगट जागा असते. तिला 'गेनकान' म्हणतात. येथे पायांतील जोडे काढायचे आणि त्यांची टोके दाराकडे करून ठेवायची. मग एक पायरी चढून घरात जायचे. आपल्याला ही रीत परकी वाटणार नाही. आपणही घरात शिरताना चपला बाहेर काढतो. मशिदीत काय आणि मंदिरात काय, जोडे बाहेरच राहतात. मात्र जपानी घरात आणखी एक नियम आहे. घरात घालायला सपाता देतात आणि शौचालयासाठी वेगळ्या सपाता असतात. पहिल्यांदा गेलेला पाहुणा नेमका येथे चुकतो. तो शौचालयातील सपाता घालून बैठकीच्या खोलीत येतो आणि घरातील मुले हसू दाबतात. तुमच्याकडूनही असे झाले तर लाजू नका. 'सुमिमासेन' म्हणजे 'माफ करा' एवढे म्हणा.

जपानी माणूस भेटल्यावर सहसा हात मिळवत नाही, तो कमरेतून वाकतो. समोरची व्यक्ती जितकी मोठी, तितके अधिक वाकायचे. कोणतीही वस्तू, अगदी नाव-पत्त्याचे छोटे कार्डसुद्धा, दोन्ही हातांनी द्यायचे आणि दोन्ही हातांनी घ्यायचे. घेतलेले कार्ड लगेच खिशात कोंबायचे नाही. आधी ते नीट वाचायचे. समोरच्या माणसाच्या नावाला दिलेला तो मान असतो.

आता जेवण. आपल्याकडे दस्तरखानावर बसल्यावर कोणी बिस्मिल्ला म्हणतो, कोणी श्लोक म्हणतो. जपानी माणूस 'इतादाकिमासू' म्हणतो. 'हे अन्न मी नम्रपणे स्वीकारतो' असा त्याचा भाव आहे. ज्याने पिकवले, ज्याने रांधले आणि ज्या जिवाचे ते अन्न झाले, त्या सर्वांचे त्यात आभार आहेत. जेवण दोन काड्यांनी करतात. या काड्या भातात उभ्या खोचून ठेवू नयेत, कारण मृताला अर्पण केलेल्या भातात त्या तशा खोचतात. आपल्या काड्यांतील घास दुसऱ्याच्या काड्यांत देऊ नये. तीही अंत्यविधीची रीत आहे. शेवयांचा रस्सा मात्र खुशाल आवाज करीत प्यावा. त्याला कोणी हसत नाही.

तुम्ही हलाल अन्नच खात असाल किंवा शाकाहारी असाल, तर जपानमध्ये विचारल्याशिवाय खाऊ नका. शेवयांच्या रश्श्यात अनेकदा डुकराच्या हाडांचा अर्क असतो. स्वयंपाकात 'मिरिन' नावाचे गोड मद्य घालतात. भाज्यांच्या सारातही वाळवलेल्या माशाचा अर्क असतो. विचारण्यात अपमान नाही. उलट, जेवण वाढणारा माणूस मन लावून ऐकतो आणि चौकशी करून सांगतो. मोठ्या शहरांत आता हलाल खाणावळीही मिळतात. जेवण झाल्यावर वाढप्याला बक्षीस म्हणून पैसे ठेवू नका. तेथे तशी पद्धत नाही. पैसे विसरले असे समजून तो तुमच्या मागे धावत येईल!

आता रस्त्यावर फिरू या. तुम्ही केळे खाल्ले. साल कोठे टाकाल? कचऱ्याचा डबा शोधत तुम्ही बराच वेळ चालाल, पण तो सहज सापडणार नाही. आणि तरीही रस्ता स्वच्छ असतो! कारण लोक आपला कचरा पिशवीत ठेवून घरी नेतात. घरी जळणारा, न जळणारा, बाटल्या, डबे, कागद अशी त्याची वाटणी होते. प्रत्येकाचा वार ठरलेला असतो. चुकीच्या वारी ठेवलेला कचरा गाडी नेत नाही.

हे शिक्षण कोठे मिळते? शाळेत. जपानी शाळेत मुले दारातच जोडे बदलतात. दुपारचे जेवण मुलेच पांढरी टोपी आणि अंगरखा घालून एकमेकांना वाढतात. मग रोज काही वेळ सर्व मुले मिळून वर्ग, जिने आणि शौचालयेही साफ करतात. त्यात डॉक्टरचा मुलगा आणि मजुराचा मुलगा असा भेद नसतो.

हे वाचून तुम्ही म्हणाल, "ते लोकच तसे! आपल्याला कसे जमणार?" थांबा. साताऱ्याचाच इतिहास आठवा. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली त्यांनी साताऱ्यात वसतिगृह काढले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत. ती स्वतः दळत, स्वयंपाक करीत, झाडलोट करीत, शेतात राबत आणि एका पंगतीत जेवत. ज्या काळी एकमेकांच्या हातचे पाणी पिणेही लोकांना जड जाई, त्या काळची ही गोष्ट आहे. १९२७ साली महात्मा गांधींनी हे वसतिगृह पाहिले आणि त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नाव दिले. म्हणजे हातात झाडू घेण्याचा धडा आपल्याला जपानकडूनच शिकावा लागतो, असे नाही. तो आपल्या घरातच होता. आपण त्याचे पान उलटून पुढे गेलो, इतकेच.

जपानमध्ये पाहण्यासारखे पुष्कळ आहे. आकाश स्वच्छ असेल तर टोकियोहून फुजी पर्वत दिसतो. त्याची उंची ३,७७६ मीटर आहे. आपल्या महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे. म्हणजे फुजी त्याच्या दुपटीहूनही उंच. क्योतो हे शहर इ. स. ७९४ पासून हजार वर्षांहून अधिक काळ जपानची राजधानी होते. तेथील जुनी लाकडी मंदिरे आणि बागा पाहण्यासारख्या आहेत. जवळच नारा नावाचे गाव आहे. तेथे सुमारे १५ मीटर उंचीची, काशाची भव्य बुद्धमूर्ती आहे. इ. स. ७५२ मध्ये या मूर्तीचे डोळे रंगवण्याचा समारंभ झाला. ते डोळे कोणी रंगवले, ठाऊक आहे? बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूने. त्या काळी ना विमान होते, ना आगबोट.

मार्चच्या अखेरीस चेरीची झाडे फुलतात. हा बहर आठ-दहा दिवसच टिकतो. तो पाहायला लोक घरचे डबे घेऊन झाडांखाली बसतात. फांदी कोणी तोडत नाही आणि उठताना आपला कचरा गोळा करून नेतात. साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवर कासचे पठार आहे. पावसाळ्याच्या शेवटी ते रंगीबेरंगी फुलांनी भरून जाते. २०१२ साली त्याचा जागतिक वारसा स्थळांत समावेश झाला. पण छायाचित्रासाठी फुलांवर पाय देणारे पाहुणेही तेथे आले, म्हणून प्रवेशावर मर्यादा घालावी लागली. कासची फुले चेरीपेक्षा कमी सुंदर नाहीत. पाहणाऱ्याच्या पायांना सवय हवी.

आता कोबे शहराकडे वळू. हे मोठे बंदर आहे. १९३५ साली येथे जपानमधील पहिली मशीद उभी राहिली. तिच्या उभारणीसाठी कोबेत व्यापार करणाऱ्या भारतीय मुसलमानांनी मोठी मदत केली. १९४५ मध्ये विमानांतून झालेल्या बॉम्बहल्ल्यांत आसपासचा परिसर जळून गेला, पण मशीद उभी राहिली. १७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे पावणेसहाच्या सुमारास कोबेला मोठा भूकंप झाला. ६,४०० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्या भूकंपातूनही मशीद बचावली. आजही ती पाहता येते.

पहाटेचा भूकंप सातारा जिल्ह्यालाही ठाऊक आहे. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनानगरची जमीन हादरली. पाटण तालुक्यात घरे कोसळली आणि सुमारे १८० माणसे दगावली. म्हणून एक गोष्ट लक्षपूर्वक पाहा. दरवर्षी १ सप्टेंबरला जपानमध्ये भूकंपाच्या वेळी काय करावे, याचा सराव होतो. १९२३ साली त्याच तारखेला टोकियो परिसरात भीषण भूकंप झाला होता. शाळेतील लहान मुलेही बाकाखाली शिरून डोके झाकायला शिकतात. भूकंप थांबवणे माणसाच्या हाती नाही. तयार राहणे त्याच्या हाती आहे.

जपानमध्ये सारेच गोड आहे, असे मात्र समजू नका. तेथे माणसे इतके काम करतात, की अतिश्रमाने येणाऱ्या मृत्यूसाठी 'कारोशी' हा वेगळा शब्द आहे. अनेक म्हातारी माणसे एकटी राहतात. आपल्या घरातील आजी-आजोबांभोवतीचा गलका त्यांच्या नशिबी नसतो. प्रवाशाने चांगले तेवढे घ्यावे, पण डोळे मिटून घेऊ नये.

आता त्या बेटाची गोष्ट. युमेनोशिमा हे बेट समुद्रात भर टाकून बनवले होते. १९५७ पासून टोकियोचा कचरा तेथे टाकू लागले. दहा वर्षे गाड्या येत राहिल्या. कचऱ्याचा डोंगर झाला. १९६५ च्या उन्हाळ्यात तेथील माश्यांचे थवे जवळच्या वस्तीत घुसले. शाळेतील मुलांना डबा उघडणे कठीण झाले. शेवटी कचऱ्याच्या डोंगरावर तेल ओतून आग लावावी लागली. पुढे तर भांडणे लागली. "तुमचा कचरा आमच्या दारात का?" असे म्हणत लोकांनी दुसऱ्या भागातून येणाऱ्या कचरागाड्या अडवल्या. १९७१ साली टोकियोच्या राज्यपालांनी 'कचऱ्याविरुद्ध युद्ध' जाहीर केले.

म्हणजे पहा, हेच ते टोकियो! तेथील माणसे जन्मतःच टापटिपीची नव्हती. ती चुकली, त्यांनी नाक दाबून दिवस काढले, भांडली आणि मग शिकली. कचरा वेगवेगळा करण्याची सवय त्यांनी घराघरांत रुजवली. १९७८ साली त्या कचऱ्याच्या डोंगरावर बाग फुलली.

त्याच कचऱ्यात एक जुनी लाकडी बोटही टाकून दिलेली होती. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने पॅसिफिक महासागरात हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. तिची विषारी राख या मासेमारी बोटीवरील २३ खलाशांच्या अंगावर पडली. सर्वजण आजारी पडले आणि एकाचा त्याच वर्षी मृत्यू झाला. हिरोशिमा आणि नागासाकीवर अणुबॉम्ब पडून तेव्हा नऊ वर्षेही झाली नव्हती. ही बोट कचऱ्यात कुजते आहे, असे कळताच सामान्य नागरिक पुढे आले आणि त्यांनी ती वाचवली. १९७६ पासून ती त्याच बेटावरील संग्रहालयात जपली आहे. काय टाकायचे आणि काय जपायचे, हे कळणे म्हणजेच शहाणपण.

याच बेटावर २०२१ साली सरड्याच्या प्रवीणने धनुष्य ताणले. साथीच्या रोगामुळे प्रेक्षकांच्या जागा रिकाम्या होत्या. त्या ऑलिंपिकमधील पदकेही लोकांनी दिलेल्या टाकाऊ वस्तूंमधून बनवली होती. जुने मोबाईल आणि इतर यंत्रे वितळवून त्यांतून सोने, चांदी आणि कांसे काढले होते. मोबाईलच सुमारे ६२ लाख होते! प्रवीणला पदक मिळाले नाही. दुसऱ्या फेरीत तो एका अमेरिकन तिरंदाजाकडून हरला. पण मजुराचा मुलगा कचऱ्यातून उभ्या राहिलेल्या मैदानावर जगातील नामवंतांशी लढला, हे काही कमी नाही. जमीन असो की माणूस, कोणालाही टाकाऊ म्हणू नये, हेच त्या बेटावर पहिल्यांदा पाय ठेवणाऱ्याने शिकावे.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी एखाद्या दिवशी जपानला जाईल. जाताना उत्सुक डोळे घेऊन जा. परत येताना तेथील एखादी चांगली सवय घेऊन या. आणि ज्यांना जाणे जमणार नाही, त्यांनीही वाट पाहायचे कारण नाही. तुमच्या गावाबाहेर, ओढ्याच्या काठी, शाळेच्या कुंपणाला लागून कचऱ्याचा एखादा ढीग असेलच. त्याच्याकडे उद्या सकाळी नीट पाहा. कदाचित तेच तुमचे स्वप्नांचे बेट असेल.

शब्दार्थ
तिरंदाज – बाण मारणारा
आपुलकी – जिव्हाळा, प्रेम
तुसडेपणा – माणसे टाळण्याची वृत्ती
सपाता – घरात घालायच्या मऊ चपला
वाढप्या – जेवण वाढणारा
वसतिगृह – विद्यार्थ्यांची राहण्याची जागा
दगावणे – मरण पावणे
टापटीप – स्वच्छता आणि नीटनेटकेपणा
टाकाऊ – टाकून देण्यासारखे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'युमेनोशिमा' या शब्दाचा अर्थ काय?
(आ) नारा येथील बुद्धमूर्तीचे डोळे कोणी रंगवले?
(इ) कोबे येथील मशीद कोणत्या साली उभी राहिली?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) टोकियोच्या गाडीत आणि कोयना एक्स्प्रेसमध्ये कोणता फरक दिसतो? त्यात वाईट कोणी का नाही?
(आ) जपानी शाळा आणि साताऱ्याचे वसतिगृह यांत कोणते साम्य आहे?
(इ) टोकियोची माणसे जन्मतःच टापटिपीची नव्हती, हे कशावरून दिसते?

३. वाक्यांत उपयोग करा.
पुढे येणे, मान देणे, सवय रुजवणे, डोळे मिटून घेणे.

४. सफर, दस्तरखान, इमारत, हलाल हे शब्द उर्दूतही आहेत. मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत चालणारे आणखी दहा शब्द शोधून लिहा.

५. तुमच्या घरी जपानी पाहुणा पहिल्यांदाच आला आहे. त्याला तुमच्या घरातील कोणत्या पाच रीती सांगाल, ते लिहा.